मामा, नुसतं काळं दिसतंय! घरच्या घरी कन्सोलचा खेळ रेकॉर्ड करायचा तर

नाशिकहून भाच्याचा फोन आला तेव्हा पोरगं रडायच्या बेतात होतं. वाढदिवस, दिवाळी आणि आजीकडून उकळलेले असे सगळे पैसे घालून त्याने कॅप्चर कार्ड, म्हणजे कन्सोलचं चित्र लॅपटॉपवर रेकॉर्ड करायला देणारं यंत्र, मागवलं होतं. वायरी जोडून झाल्या, लॅपटॉपवर ओबीएस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडून झालं, आणि पडद्यावर ठार अंधार. "मामा, नुसतं काळं दिसतंय. कार्ड खराब निघालं. परत पाठवू?"

मी विचारलं, "टीव्हीवर गेम दिसतोय का?" दिसत होता. मग त्याला पीएस४च्या (प्लेस्टेशन ४) सेटिंग्जमध्ये पाठवलं. सिस्टिममध्ये जा, 'एनेबल एचडीसीपी' समोरची बरोबरची खूण काढ. चालू गेम बंद होईल असं विचारेल, हो म्हण. पंधरा सेकंदांनी फोनवर नुसता "आलं!" एवढाच आवाज.

अशा तक्रारी घेऊन जेवढे लोक माझ्याकडे आले, त्यांतल्या बहुतेकांचं कार्ड ठणठणीत होतं. बिघाड होता तो कन्सोलच्या एखाद्या सेटिंगमध्ये, यूएसबीच्या चुकीच्या खाचेत नाहीतर आवाजाच्या जोडणीत. म्हणून या लेखात कार्डापेक्षा कार्डाच्या आजूबाजूच्या गोष्टींवरच जास्त बोलणार आहे. उदाहरण म्हणून भाच्याचा साधा पीएस४ आणि विंडोज लॅपटॉप धरतो. पीएस५, एक्सबॉक्स, निंटेंडो स्विच जिथे वेगळे वागतात तिथे तसं सांगेन.

आधी फुकटात काय मिळतंय ते बघा

खिशात हात घालण्याआधी कन्सोल स्वतः काय रेकॉर्ड करतो ते तपासा. पीएस४च्या कंट्रोलरवर 'शेअर' बटण आहे. तुम्ही खेळत असता तेव्हा मागची १५ मिनिटं तो गुपचूप साठवत असतो आणि ही मुदत ६० मिनिटांपर्यंत वाढवता येते. पण साध्या पीएस४वर ही क्लिप ७२०पी (१०८०पी म्हणजे फुल एचडी, त्याहून कमी स्पष्ट) आणि सेकंदाला ३० फ्रेम एवढीच निघते. पीएस५वर त्याच जागी 'क्रिएट' बटण आहे, तासभराची क्लिप मिळते आणि फोरकेचाही पर्याय आहे. एक्सबॉक्सला एनटीएफएस फॉरमॅट केलेला बाहेरचा यूएसबी ड्राइव्ह लावला तर १०८०पीमध्ये एक तासापर्यंत रेकॉर्डिंग होतं. स्विचचं बटण दाबून धरलं की मागचे ३० सेकंद मिळतात, तेही ७२०पीमध्ये आणि तेही सगळ्या गेममध्ये नाही.

मारलेला गोल मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा असेल तर इथेच थांबा. प्लेस्टेशनला एक्सफॅट फॉरमॅटचा पेनड्राइव्ह लावा, क्लिप उतरवून घ्या, झालं काम. पीएस५ असणाऱ्या नवख्याला तर मी आधी महिनाभर याच बटणावर काम भागवायला सांगतो. व्हिडिओ करायची हौस किती टिकते ते तेवढ्यात कळतं.

कार्ड लागतं ते चार कारणांनी: तासाच्या पुढे रेकॉर्ड करायचंय, स्वतःची कमेंट्री वेगळ्या ट्रॅकवर हवीय, कन्सोलचं स्वतःचं रेकॉर्डिंग भुरकट येतंय, किंवा काही गेम कथेच्या प्रसंगांत कन्सोलचं रेकॉर्डिंग अडवतात. भाच्याची तिन्ही-चारही कारणं होती, म्हणून मी त्याला अडवलं नाही.

खोक्यावरचं 'फोरके' आणि आतलं गणित

ऑनलाइन दुकानात शोधलंत तर पाचशे ते हजार रुपयांत अंगठ्याएवढे डोंगल दिसतील. खोक्यावर ठळक अक्षरांत 'फोरके'. यातली मेख अशी की ते फोरके सिग्नल आत घेतात खरे, पण लॅपटॉपला देतात तो १०८०पी, आणि तोही बहुतेक वेळा सेकंदाला ३० फ्रेम.

का, ते एकदा कागदावर मांडून बघा. १०८०पीच्या एका फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८० म्हणजे साधारण २० लाख ७४ हजार ठिपके. कॅप्चर कार्ड नेहमी वापरतात त्या वाययूवाय२ पद्धतीत एका ठिपक्याला २ बाइट लागतात, म्हणजे फ्रेम झाली जवळपास ४.१ एमबीची. सेकंदाला अशा ६० फ्रेम, म्हणजे सुमारे २४९ एमबी दर सेकंदाला. यूएसबी २.०ची कागदावरची कमाल मजल सेकंदाला ६० एमबी. नळ केवढा आणि पाणी केवढं! म्हणून हे डोंगल प्रत्येक फ्रेम एमजेपेगमध्ये दाबून पाठवतात. वेगाने पळणारं गवत, पाऊस, धूर असं काही आलं की चित्राचे चौकोन पडतात ते यामुळेच. यातल्या काही डोंगलचं तोंड निळं असतं, म्हणजे बघणाऱ्याला यूएसबी ३.० वाटावं असं. आत मात्र २.०चीच चिप. जुन्या डोंगलमध्ये स्टिरिओ आवाज मोनो होऊन यायचीही खोड आहे.

तरीही त्यांना मी टाकाऊ म्हणणार नाही. सावकाश चालणारे गेम, बुद्धिबळ, कथेचे गेम यांना ते चालून जातात. क्रिकेट, फुटबॉल, रेसिंग, गोळीबार असेल तर यूएसबी ३.० आणि १०८०पी६० (१०८०पी, सेकंदाला ६० फ्रेम) खात्रीने देणारं कार्ड घ्या. एल्गाटोचं एचडी६० एक्स हे या वर्गातलं ओळखीचं नाव. ॲव्हरमीडियाचं लाइव्ह गेमर पोर्टेबल २ प्लस यूएसबी २.०चं आहे, पण चित्र आतच दाबून १०८०पी६० देतं. दुसऱ्याची एक सोय मला फार आवडते: मायक्रो एसडी कार्ड घातलं की ते लॅपटॉपशिवाय स्वतःच रेकॉर्ड करतं. घरातला लॅपटॉप म्हातारा झाला असेल तर हा विचार करा. या वर्गातल्या नव्या कार्डांची किंमत साधारण पाच आकडी होते, आणि वापरलेलं घेतलं तरी चालतं, कारण त्यात झिजण्यासारखं फारसं काही नसतं. फक्त घेताना समोर जोडून बघा.

कार्ड बघताना दोन आकडे वेगवेगळे वाचा. एक रेकॉर्डिंगचा, दुसरा पासथ्रूचा. कार्ड सिग्नलचे दोन फाटे करतं: एक लॅपटॉपला, दुसरा जसाच्या तसा टीव्हीला. हा दुसरा म्हणजे पासथ्रू. तुम्ही खेळता तो टीव्हीकडे बघून, म्हणून पासथ्रूमध्ये उशीर जाणवता कामा नये. पीएस५ फोरके टीव्हीला लावलेला असेल तर फोरके ६० हर्ट्झ पासथ्रू हवाच. साध्या पीएस४ला १०८०पी६० पुरे, कारण तो त्याच्या वर जातच नाही. भाच्याला दुकानदार फोरकेवालं कार्ड गळ्यात मारत होता ते याच एका वाक्यावर वाचलं.

स्वस्त डोंगलला बहुधा पासथ्रू नसतो. मग एकतर लॅपटॉपच्या पडद्यावर बघून खेळायचं, म्हणजे बटण दाबल्यावर खेळाडू क्षणभराने हलणार, नाहीतर मध्ये एचडीएमआय स्प्लिटर टाकायचा. स्प्लिटर घेताना तो 'एचडीएमआय स्विच' नाही ना, एवढं नीट बघा. स्विच दोन यंत्रं एका टीव्हीला जोडतो, आपल्याला बरोबर उलटं हवंय.

वायरी जोडताना

क्रम असा ठेवा. कन्सोल, टीव्ही, लॅपटॉप सगळं बंद. कन्सोलच्या एचडीएमआयमधून निघालेली वायर कार्डाच्या 'इन'मध्ये. कार्डाच्या 'आउट'मधून दुसरी वायर टीव्हीला. मग कार्डाची यूएसबी लॅपटॉपला. म्हणजे एचडीएमआयच्या वायरी दोन लागतात, आणि खोक्यात बहुधा एकच येते. ऐन रविवारी संध्याकाळी हे कळलं की दिवस गेला.

'इन' आणि 'आउट' उलट लावणं ही इतकी सर्रास चूक आहे की मी तेच पहिलं विचारतो. ही तोंडं अगदी सारखी दिसतात आणि अक्षरं काळ्यावर काळी कोरलेली असतात. भाच्याच्या कार्डावर 'इन'ला मी आईच्या टिकलीच्या पाकिटातली लाल टिकली लावून दिली. गंमत वाटेल, पण त्यानंतर एकदाही चूक झालेली नाही.

यूएसबी थेट लॅपटॉपच्या खाचेत, हबमधून नको. खाच आतून निळी असेल किंवा शेजारी 'एसएस' असं लिहिलेलं असेल तर ती ३.०. काळ्या २.०च्या खाचेत लावलंत तर काही कार्डं चालूच होत नाहीत आणि काही चालतात पण चित्र तुटकं देतात. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण आपण दोन दिवस सेटिंग्ज चाळत बसतो.

जुन्या इमारतींसाठी एक सूचना. घरात अर्थिंग नसेल किंवा नावापुरतं असेल तर कन्सोलच्या किंवा लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लागल्यावर हलक्या मुंग्या येतात. असं होत असेल तर चालू यंत्रांत एचडीएमआयची वायर काढ-घाल मुळीच करू नका. त्या एका ठिणगीत पोर्ट जाऊ शकतो. आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. माइकमध्ये सतत 'घूंऽऽ' असा आवाज येत असेल तर तोही बऱ्याचदा इथलाच असतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर दोन मिनिटं रेकॉर्ड करून बघा, आवाज गेला तर चोर सापडला.

कन्सोलला काय सांगायचं

एचडीसीपीचं सुरुवातीला आलंच. सिनेमांची चोरी होऊ नये म्हणून एचडीएमआयवर घातलेलं ते कुलूप आहे. पीएस५वर ते सेटिंग्ज, सिस्टिम, एचडीएमआय या वाटेने सापडतं. कुलूप काढलेलं असताना सिनेमा-मालिकांची ॲप चालत नाहीत. त्यामुळे रात्री घरचे मालिका बघायला बसले आणि पडद्यावर भलतीच सूचना आली तर ओरडा कोणाला बसणार हे वेगळं सांगायला नको. एक्सबॉक्स गेम चालू असताना हे कुलूप लावत नाही, फक्त व्हिडिओ ॲप उघडल्यावर लावतो. पीएस३चं कुलूप मात्र निघतच नाही. त्याला कंपोनंट वायर आणि ती घेणारं कार्ड लागतं.

दुसरं एचडीआर, म्हणजे उजेड-अंधार जास्त खुलवून दाखवणारी चित्राची पद्धत. कार्ड एचडीआर रेकॉर्ड करत नसेल आणि कन्सोलवर ते चालू राहिलं, तर रेकॉर्डिंग धुतलेल्या कपड्यासारखं फिकट येतं. सुरुवातीला सरळ बंद ठेवा: पीएस५वर सेटिंग्ज, स्क्रीन अँड व्हिडिओ, व्हिडिओ आउटपुट, एचडीआर. १२० हर्ट्झ आणि व्हीआरआरही (फ्रेमचा वेग कमी-जास्त करणारी सोय) रेकॉर्डिंगच्या वेळी बंद.

एचडीआर बंद करूनही काळा रंग राखाडी दिसतोय किंवा सावल्या काळ्याकुट्ट होऊन त्यातलं काहीच दिसत नाहीये, तर आरजीबी रेंजचा, म्हणजे काळ्या-पांढऱ्याच्या मर्यादेचा, घोटाळा समजा. कन्सोल 'लिमिटेड' पाठवतो आणि ओबीएस 'फुल' समजतं, किंवा उलट. दोन्हीकडे एकच ठेवा. मी दोन्हीकडे लिमिटेड ठेवतो, कारण टीव्हीला तेच मानवतं.

स्विच डॉकमध्ये बसवला तरच एचडीएमआयवर चित्र येतं, हातात धरून खेळताना नाही. स्विच लाइटला टीव्हीचं तोंडच नाही, त्यामुळे त्याच्यासाठी कार्ड घेऊ नका.

ओबीएस

ओबीएस स्टुडिओ फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, आणि अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा. पहिल्यांदा उघडल्यावर ते विचारेल, स्ट्रीमिंग की रेकॉर्डिंग? रेकॉर्डिंग म्हणा.

खाली 'सोर्सेस'च्या चौकटीत अधिकची खूण, मग 'व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस', मग यादीतून कार्ड निवडा. लॅपटॉपचा कॅमेराही याच यादीत असतो, म्हणून स्वतःचाच चेहरा दिसला तर दचकू नका. रिझोल्यूशन 'कस्टम' करून १९२० गुणिले १०८० आणि एफपीएस (सेकंदाला फ्रेम) ६० द्या. आपोआपच्या भरवशावर ठेवलं तर काही कार्डं ३०वरच अडून बसतात. खाली स्क्रोल केल्यावर 'ऑडिओ आउटपुट मोड' दिसेल, तिथे 'कॅप्चर ऑडिओ ओन्ली'. मग मुख्य सेटिंग्जच्या 'व्हिडिओ' पानावर बेस आणि आउटपुट दोन्ही १९२० गुणिले १०८०, एफपीएस ६०. 'ऑडिओ' पानावर ४८ किलोहर्ट्झ.

अजूनही काळंच? कार्डासोबत आलेलं कंपनीचं सॉफ्टवेअर मागे उघडं आहे का बघा. कार्ड बहुधा एका वेळी एकालाच चित्र देतं.

'आउटपुट' पानावर मोड 'ॲडव्हान्स्ड' करा आणि 'रेकॉर्डिंग'वर या. एनकोडर म्हणजे चित्र दाबून फाइल बनवणारा. एनव्हीडिया असेल तर एनव्हेंक, इंटेलचा साधा लॅपटॉप असेल तर क्विकसिंक, एएमडी असेल तर त्यांचा एएमएफ. एक्स२६४ प्रोसेसरवर सगळा भार टाकतो, साध्या लॅपटॉपचा पंखा विमानासारखा घोंगावायला लागतो आणि तो आवाज माइकमध्ये जातो. रेट कंट्रोलला सीक्यूपी (चित्राचा दर्जा सारखा ठेवणारी पद्धत) मिळत असेल तर २० पासून सुरू करा. आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. सीक्यूपी नसेल तर बिटरेट २०,००० केबीपीएस ठेवा, म्हणजे तासाला ९ जीबी. दुप्पट केलात तर १८.

'व्ह्यू'मधून 'स्टॅट्स' उघडून ठेवा. पाच मिनिटं खेळा आणि सुटलेल्या फ्रेमचा आकडा वाढतोय का बघा. 'एन्कोडिंग लॅग' पुढे वाढत असेल तर एनकोडर दमतोय, 'रेंडरिंग लॅग' पुढे वाढत असेल तर ग्राफिक्स दमतंय. दोन्हींवर पहिला उपाय म्हणजे ब्राउझर बंद करणे. चाळीस टॅब उघडे ठेवून ओबीएसला नावं ठेवणारे मी पाहिलेत, आरशातही.

आवाज

चित्र थोडं उणंदुणं असलं तरी लोक बघतात. आवाज किरकिरला की दहाव्या सेकंदाला निघून जातात. आणि मराठीत कमेंट्री करणार असाल तर तुमचा आवाज हाच तर सगळा माल आहे.

पहिली युक्ती: हेडफोन कंट्रोलरला लावू नका, टीव्हीच्या हेडफोनच्या खाचेत लावा. मग कन्सोलला वाटतं आवाज एचडीएमआयनेच जातोय, आणि तो कार्डालाही पूर्ण मिळतो. हेडफोन वायरचेच घ्या. ब्लूटूथमध्ये आवाज मागे रेंगाळतो.

पार्टी चॅटमधले, म्हणजे कन्सोलवरून गप्पा मारणारे, मित्र मात्र हेडसेट लावला असेल तर बहुधा रेकॉर्ड होत नाहीत, कारण कन्सोल त्यांचा आवाज हेडसेटला देतो. एक्सबॉक्सवर ऑडिओच्या सेटिंगमध्ये पार्टी चॅट हेडसेट आणि स्पीकर दोन्हीकडे पाठवायची सोय आहे. प्लेस्टेशनवर मी तो खटाटोपच करत नाही. गप्पा लॅपटॉपवरच्या डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर नेतो, मग त्या 'डेस्कटॉप ऑडिओ' म्हणून आपसूक येतात. मित्रांना आधी सांगून ठेवा, रेकॉर्डिंग चालू आहे. बोलताना त्यांची भाषा आपोआप सुधारते, हा वरचा फायदा.

दुसरी युक्ती, ट्रॅक वेगळे करा. मिक्सरमधून 'ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज' उघडा. गेमला ट्रॅक १, माइकला ट्रॅक २, डिस्कॉर्डला ट्रॅक ३, आणि रेकॉर्डिंगच्या पानावर या तिन्ही ट्रॅकवर खूण करा. हे एकदा केलं की कुकरची शिट्टी झाली तरी फक्त तुमचा ट्रॅक कापता येतो, गेमचा आवाज अखंड राहतो. एकाच ट्रॅकवर सगळं मिसळलं असेल तर शिट्टीबरोबर गेमही कापावा लागतो.

पातळी ठेवायची ती मिक्सरच्या रंगांवर. बोलताना पट्टी पिवळ्यात नाचली पाहिजे, म्हणजे उणे २० ते उणे ९ डेसिबलच्या दरम्यान. ओरडल्यावरही तांबड्यात फार जाऊ नये. गेम हिरव्यात, म्हणजे उणे २०च्या खाली. नवीन माणूस गेम मोठा ठेवतो कारण त्याच्या कानाला तसाच बरा वाटतो. बघणाऱ्याला तुमचं बोलणं ऐकायचं असतं.

आता तिसरी, आणि ही बारकाईने करा. कार्डातून आलेलं चित्र आणि आवाज लॅपटॉपपर्यंत पोचायला थोडा वेळ घेतात, माइक मात्र लगेच पोचतो. त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये तुम्ही आउट व्हायच्या आधीच "गेला!" म्हणून ओरडता. ज्योतिषी असल्यासारखं.

मोजायचं असं. हेडफोन काढा, टीव्हीचा स्पीकर चालू करा, माइक टीव्हीसमोर धरा. रेकॉर्डिंग सुरू करून गेममध्ये एकच ठळक आवाज करा, बंदुकीची एक गोळी किंवा मेन्यूची 'टक'. पाच-सहा वेळा, मध्ये अंतर ठेवून. थांबवा आणि फाइल एडिटरमध्ये उघडा. एकच 'टक' आता दोन ठिकाणी दिसेल: माइकच्या ट्रॅकवर आधी, गेमच्या ट्रॅकवर नंतर. मधल्या फ्रेम मोजा. ६० एफपीएसला एक फ्रेम म्हणजे साधारण १६.७ मिलिसेकंद. भाच्याच्या जोडणीत सहा फ्रेम निघाल्या, म्हणजे १००. तो आकडा 'ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज'मध्ये माइकच्या 'सिंक ऑफसेट'ला दिला, पुन्हा तीच चाचणी केली, दोन्ही 'टक' एकाखाली एक आले. टीव्हीचा स्वतःचा उशीरही यात धरला जातो. तसाच तो धरायला हवा, कारण तुम्ही ओरडता ते टीव्ही बघूनच. कार्ड, टीव्ही किंवा एफपीएस बदललं की पुन्हा मोजायचं.

खोलीचं काय? महागडा फोम घेऊ नका. रिकाम्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो, त्यावर गोधडीसारखं औषध नाही. तुमच्या पाठीमागे दोरीवर एक आणि टेबलावर माइकखाली एक, एवढ्याने फरक कळतो. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला, म्हणजे 'प' आणि 'फ'चा वारा थेट आदळत नाही. पंखा बंद करवत नसेल तर एकच्या वेगावर ठेवा आणि माइकच्या फिल्टरमध्ये 'नॉइज सप्रेशन' लावा. त्यात आरएनएननॉइज निवडा. पंख्याची घरघर तो छान गिळतो. पत्र्यावरचा पाऊस मात्र त्याच्या आवाक्याबाहेर आहे. जुलैत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी कमेंट्री नंतर वेगळी भरावी.

वीज गेली तर

आमच्याकडे दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाते. हे माहीत असूनही एका गुरुवारी मी जुन्या डेस्कटॉपवर सव्वादोन तास रेकॉर्डिंग केलं, शेवटचा शत्रू पडला आणि मी 'स्टॉप'कडे माउस नेत होतो तेव्हा पंखा थांबला. वीज आल्यावर बघतो तर फाइल तिथे होती, अनेक जीबींची, आणि एकाही प्लेअरमध्ये उघडेना.

कारण मी फॉरमॅट एमपी४ ठेवला होता. साध्या एमपी४मध्ये कोणती फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवल्यावर लिहिली जाते. थांबायच्या आधी वीज गेली की सगळी पानं आहेत पण पुस्तक उघडत नाही, अशी गत होते. एमकेव्ही हे जाता जाता लिहीत जातं, त्यामुळे वीज गेली तरी तिथपर्यंतचं शाबूत राहतं. म्हणून रेकॉर्डिंग फॉरमॅट एमकेव्ही ठेवा. एडिटरला एमपी४च हवी असेल तर नंतर ओबीएसच्या 'फाइल' मेन्यूतल्या 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज'मध्ये फाइल ओढून टाका. चित्राला हात न लावता फक्त डबा बदलतो, मोठ्या फाइललाही फार वेळ लागत नाही. ओबीएसच्या नव्या आवृत्त्यांत 'हायब्रिड एमपी४' असाही प्रकार आलाय, तोही याच दुखण्यावरचा इलाज आहे.

लॅपटॉपला बॅटरी असते म्हणून निर्धास्त राहू नका, कन्सोलला नसते. जोरात खेळताना पीएस५ सुमारे २०० वॅट खेचतो. कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस असेल तर त्यावर कन्सोलच ठेवा, मोठा टीव्ही नको. हेतू खेळत राहण्याचा नसून सेव्ह करून नीट बंद करण्याचा आहे.

जुना पीएस२ माळ्यावर असेल तर

थोडक्यात सांगतो. आपल्याकडचे पीएस२ पाल पद्धतीचे, म्हणजे बहुतेक गेम ५७६आय, ५० हर्ट्झ. पिवळ्या-पांढऱ्या-तांबड्या वायरी एव्ही ते एचडीएमआय कन्व्हर्टरमध्ये घालून तिथून कार्डात न्यायच्या. ओबीएसमध्ये एफपीएस ५० ठेवा, ६० नको, नाहीतर हालचाल अडखळते. कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसल्या तर सोर्सवर उजवी क्लिक करून डीइंटरलेसिंगमध्ये 'याडिफ २एक्स'. आणि चित्र १४४० गुणिले १०८० एवढंच ताणा, पूर्ण रुंद नको. लहानपणीचे खेळाडू एवढे जाडे नव्हते.

रोज रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी

भाच्याला मी एकच सवय लावलीय: खरा खेळ सुरू करण्याआधी एक मिनिटाचं खोटं रेकॉर्डिंग. नाव, तारीख, गेमचं नाव बोलायचं, चार पावलं चालायचं, थांबवायचं आणि हेडफोन लावून ऐकायचं. माइक म्यूट राहिलाय का, विंडोजने आपलं आपण दुसराच माइक निवडलाय का, हे त्या मिनिटात कळतं. गेममधलं विकतचं संगीतही तेव्हाच बंद करायचं. फुटबॉलच्या मेन्यूतली गाणी किंवा गाडीतला रेडिओ व्हिडिओत आला की यूट्यूबवर हक्काचा दावा येतो आणि सगळी मेहनत अडकते. बहुतेक गेममध्ये संगीताचा सरकपट्टा वेगळा असतो, तो शून्यावर. पावलांचे, बॅटचे, गोळ्यांचे आवाज तसेच राहतात.

साठवणीला साधी बाहेरची हार्डडिस्क पुरते. ४० एमबीपीएसचं रेकॉर्डिंग म्हणजे सेकंदाला फक्त ५ एमबी लिहिणं, त्यासाठी महागड्या एसएसडीची गरज नाही. डिस्क फॅट३२ असेल तर ४ जीबीवर फाइल अडते, एनटीएफएस किंवा एक्सफॅट करून घ्या. तासाला ९ जीबी धरले तर १ टीबीत शंभरेक तास बसतात. भाच्याची डिस्क दिवाळीपासून मार्चपर्यंत भरली. परवा पुन्हा फोन, "मामा, यातलं काय पुसू?" व्हिडिओ चढवून पंधरा दिवस झाले असतील त्याची मूळ फाइल पूस म्हटलं. पहिलं, काळ्या पडद्याचं रेकॉर्डिंग तेवढं त्याने ठेवलंय म्हणे.